कार्बन डायऑक्साइडचा तास

रसायनशास्त्राच्या मॅडम रजेवर गेल्या आणि अकरावीचा त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मी जीवशास्त्राचा मास्तर. धडा रेणूंच्या ध्रुवीयतेचा. वीस वर्षं शिकवतोय, निभावून नेऊ म्हटलं आणि तयारी न करताच वर्गात गेलो.

"ऑक्सिजन कार्बनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त ओढतो, म्हणजे बंध ध्रुवीय," मी फळ्यावर लिहिलं. "म्हणून कार्बन डायऑक्साइडचा रेणूही ध्रुवीय."

दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "सर, रेणू अध्रुवीय आहे ना? कार्बनच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, एका सरळ रेषेत. दोघांची ओढ सारखी आणि उलट, म्हणून बेरीज शून्य. पाण्याचा रेणू वाकलेला असतो, तिथे ओढ शिल्लक राहते."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझं डोकं फिरलं. ती लॅबमधल्या मामांची मुलगी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणी शिकवलं हे? परीक्षानळ्या धुता धुता बाबांनी?"

पोरं खो खो हसली.

"हो सर, बाबांनीच," ती म्हणाली आणि खाली बसली.

लॅब आणि वर्ग यांच्यामध्ये एकच दार, तेही उघडं. पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

मधल्या सुट्टीत पुस्तक काढलं. तिचा शब्द न् शब्द त्यात होता. माझे कान तापले. डबा तसाच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या सांगून टाकलं, "काल मी चुकीचं शिकवलं. हिचं बरोबर होतं. आणि हिच्या वडिलांबद्दल मी तसं बोलायला नको होतं." तिने नुसती मान हलवली. वहीतून डोकं काही वर काढलं नाही.

तास संपल्यावर लॅबमध्ये गेलो. मामा बाटल्यांना लेबलं चिकटवत होते. मला बघून उठले.

"बसा हो मामा. काल मी जे बोललो..."

"ऐकलं सर."

"माफ करा मला."

मामा हातातल्या लेबलाकडे बघत राहिले. "मला बारावीच्या पुढे शिकता आलं नाही. अठरा वर्षं मॅडमचे तास या दारातून ऐकले, तेवढं तिला शिकवत होतो. आज सकाळी तिची वही घेऊन बसलो, तर म्हणाली, बाबा, आता मी एकटीच करते. माझ्यामुळे तुम्हाला हसतात."

"मी समजावू का तिला?"

"नको सर," मामा हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही आता काही बोलू नका."

मी बाहेर पडेपर्यंत ते उभेच होते.