चिकटा गेलेली पानं

बियाण्यासाठी राखलेल्या मुळ्याला मावा लागला होता, तोवर त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. पानांखाली हिरव्या किडीचा थर आणि वर चिकटा. ब्लॉकच्या शेतकी साहेबांनी दिलेलं नवं औषध पुंडलिकरावांनी फवारलं, तशी चार दिवसांत पानं लखलखीत झाली. त्यांची बायको कोकिळा हरखून गेली.

तीन आठवडे पानाला हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. "तांड्यात सांगायले पायजे," कोकिळा म्हणाली होती.

"विचारतील तेव्हा सांगू," पुंडलिकराव म्हणाले.

पण वावराशेजारच्या तांड्यातल्या बायका मूठभर पाला खुडताना कधी कोणाला विचारतच नसत. पाचव्या दिवशी सकाळी वाफ्यात ताजे खुडलेले देठ दिसले, तेव्हा कोकिळाला ते आठवलं. ती तशीच तांड्याकडे धावली.

धनीबाईच्या चुलीवर भाजी रटरटत होती.

"धनीबाई, हा मुळा आमच्या वावरातला काय?"

"मंग काय बाजारातून आनला? किती साजरा झाला आता!"

"उतरव ते. जहर हाय त्यात."

"चार पान्यानं धुतला मी."

"धुऊन जात नाही. औषध पानाच्या रसात शिरते. तो रस पिऊनच मावा मरते."

धनीबाई हसली. "देनं जिवावर आलं त सरळ सांग ना, पाटलीनबाई. पोरगी बाळंतपनाले आली माही, तिले मुळा खावा वाटला. तिच्यापुढं कायले अभद्र बोलतं?"

दारात पंचफुला पोटावर हात ठेवून उभी होती. कोकिळानं पदरानं पातेलं धरलं आणि अंगणात पालथं केलं.

"तोंडचा घास सांडला!" धनीबाई ओरडली. मग ती एकदम शेजारी वळली. "भुरीनं... भुरीनंही नेला. माह्या आंधी."

दोघी शेजारच्या झोपडीकडे पळाल्या. भुरीबाईनं भांडी घासून पालथी घातली होती. तिचा नवरा देवसिंग खाटेवर घामानं निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"जेवला तवापासून उलट्या करून राह्यला," भुरीबाई म्हणाली.

"बंडी जुंपा! बाभुळगावले न्या, दवाखान्यात!" कोकिळा ओरडली. "मुळ्यावर औषध मारलं होतं, सांगा तिथं."

धनीबाई बैलांकडे धावली. भुरीबाई जागची हलली नाही.

"मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

तुम्ही विचारलं नाही, हे कोकिळाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि देवसिंगच्या खांद्याखाली हात घातला.