गॅलरीतलं चपटं खोड

"फॉल्ट हाय," बाळाराम म्हणाला. टोमॅटोचं खोड त्याने अंगठा आणि तर्जनीत धरलं होतं, दुकानात गिऱ्हाईक साडीचा पदर धरतं तसं. "सरळ सरळ फॉल्ट हाय. काढून टाक."

"आधी हात काढा," चंपा म्हणाली.

धामणकर नाक्यामागच्या चाळीत त्यांच्या गॅलरीत रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या होत्या आणि बादल्यांत टोमॅटोची तीन झाडं. दोन आपली चारचौघांसारखी. तिसरं वीतभर गोल वाढलं, आणि मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, पट्टीसारखं चपटं झालं. दोन बोटं रुंद, अंगावर उभ्या रेघा. पाच-सहा खोडांनी शेजारीशेजारी उभं राहून एकच सदरा घातल्यासारखं.

बाळारामचा जन्म पॉवरलूमच्या फोल्डिंग खात्यात गेला. तो चेकर होता. टेबलावरून सरकणाऱ्या कोऱ्या कापडाकडे बघत राहायचं आणि दोष दिसला की खडूने खूण करायची, एवढंच काम. दिवसभर दोष शोधणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन गुण शोधेल, अशी आशा चंपाने लग्नानंतर काही दिवस ठेवली होती. मग सोडली. भाकरीची कड जाड, लेकीचा भांग वाकडा, पाहुण्यांच्या चहात साखर वर. शेरा सगळ्याला मिळे. पुढे कारखाना बंद पडला. टेबल गेलं, नजर राहिली.

टोमॅटो मात्र चंपाने निव्वळ स्वतःच्या हौसेने लावले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचं अडलं नव्हतं. असं बिनकामाचं दुसरं काही तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"अगं, लूमवर एका धाग्याचा घोळ झाला आणि माग थांबवला न्हाय, तर कापडाचा अख्खा ताका वाया जातो," बाळारामने समजावलं. "हे बाकीच्या दोघांना पण लागणार."

"झाड म्हंजे लूम हाय काय?"

"वाढतंय ना? मग लूमच."

"उपटलंत तर बघा. धम्मदिनाकडे कल्याणला जाईन आणि परत येणार न्हाय. माझं हाय ते."

हे ती हसत म्हणाली नाही. चंपा धमक्या फारशा देत नसे, त्यामुळे तिची एखादी धमकी खरी निघेल की नाही याचा अंदाज घ्यायची सोय नव्हती.

फोटो कल्याणला गेला. लेक धम्मदिना तिथल्या एका दवाखान्यात नर्स. ड्युटी संपवून तिने फोन केला. "पप्पा, मी शोधलं. शेंड्याच्या वाढीत गडबड झाली की कधीकधी होतं असं. शेजारच्या झाडांना सहसा लागत न्हाय. फळं पण खाता येतात."

"पण झालं कशानं?"

"ते प्रत्येक वेळी सांगता येत न्हाय."

इथे बाळाराम अडकला. कारण नसलेला फॉल्ट त्याने पाहिला नव्हता. कधी तेलाचा डाग, कधी तुटलेला धागा, कधी कारीगराला लागलेली डुलकी; मुळाशी काहीतरी असायचंच. शिवाय त्याच्या टेबलावर फॉल्ट यायचा तो होऊन गेलेला. इथे तो डोळ्यांदेखत विणला जात होता. बाळारामने स्टूल आणलं आणि समोर बसला. सकाळी आसपासच्या लूमवरून उडून पानांवर बसलेले कापसाचे तंतू तो फुंकर मारून उडवी आणि पट्टी वर किती सरकली ते पाही. टोकाला कळ्यांची चेंगराचेंगरी झाली होती. मधली एक कळी तर लहानशा झेंडूएवढी.

वडप्याहून भाजी घेऊन येणारी ठकुबाई पाटी उतरवून थबकली. "आगो चंपा, ह्यो तर जुळा हाय! पोरीला खायला देऊ नको. जुळी केळी खाल्ली का जुळी पोरं होतात."

"मावशी, ही पाच-सहा चिकटलीत," बाळाराम गंभीरपणे म्हणाला. "खाणारीनं आधी मोठी खोली बघावी."

चंपाला हसू आलं. बाळारामला ते दिसलं आणि त्याची त्याने कुठेही खूण केली नाही.

पण माणसाला उत्सुकता एकदा लागली की हात गप्प बसत नाहीत. पौर्णिमेला चंपा नवी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली आणि बाळारामने डब्यातली सुई काढली. त्याचा हिशेब साधा होता. कापडात दोन धागे चिकटले की सुईच्या टोकाने सोडवतात. इथे पाच-सहा खोडं चिकटलीत. तीही सुटतील. चंपा आली की सहा झाडं दाखवायची.

त्याने एका रेघेत सुई घातली आणि हलकेच खाली ओढली. आत शिवण नव्हतीच. नुसता ओला हिरवा गर, इकडून तिकडे एकसंध. त्याच्या हे लक्षात यायला आणि वरच्या कळ्यांच्या भाराने खोड टर्रकन चिरायला एकच गाठ पडली.

त्याने दोन्ही हातांनी दोन्ही फाका दाबून धरल्या. मग ध्यानात आलं की दोरी आणायला हात शिल्लक नाही. सोडलं तर झाड गेलं. तसाच उभा राहिला.

शेजारची रोशनी बालदी घेऊन चालली होती. "काका, काय करताय?"

"धरलंय," बाळाराम म्हणाला. यापेक्षा अचूक उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

"मी धरू?"

"नको. तुझी काकी येईपर्यंत माझ्याकडेच राहू दे."

चंपा आली. तिने आधी खाली पडलेली सुई पाहिली, मग त्याचे हात.

"चिकटलंय असं वाटलं गं," बाळाराम म्हणाला. "म्हटलं, सोडवून देऊ. पण आत जोडच न्हाय. ते तसंच हाय. अख्खं."

ती आत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. बॅग काढत असणार. कल्याणची रिक्षा नाक्यावर लगेच मिळते. बाळारामचे दंड भरून आले होते, पण त्याने पकड ढिली केली नाही.

मग आतून कापड फाटल्याचा आवाज आला. सुती, दाट विणीचं, बिनडागाचं. एवढं त्याला नुसत्या आवाजावरून कळलं.

चंपा बाहेर आली ती घरातली जुनी साडी नेसून. हातात लांबलचक पांढरी पट्टी होती.

"अगं, नवी साडी..."

"हलू नका."

ती खोडाभोवती पट्टी गुंडाळू लागली. तिची बोटं त्याच्या बोटांखालून जात होती आणि तो एकेक बोट उचलून वाट देत होता. ना घट्ट, ना सैल. शेवटी तिने गाठ मारली. "आता सोडा बघू."

त्याने सोडलं. झाड थोडं वाकलं आणि थांबलं. झेंडूएवढी कळी जागच्या जागी होती.

पट्टीच्या फाटक्या काठावर एक धागा लोंबत होता. बाळारामची चिमूट त्याच्याकडे गेली, क्षणभर तिथेच थांबली. मग त्याने तो धागा न तोडता हळूच पट्टीच्या आत खोचला आणि चंपाला बसायला स्टूल पुढे केलं.