पांढरीचा सव्वा महिना

मित्रांनो, मी एक जुनी चहाची पेटी आहे. कडांना पत्रा ठोकलेली, एका बाजूनं करवतीनं कापलेली. या, बसा. पण माझ्यावर बसू नका, माझ्या फळ्यांना आता सोसवत नाही. माझ्यावर आजवर एकच बाई बसली. तिचं शेवटी सांगते. आवाज खोल गेला तर समजून घ्या, दमले आहे मी.

आसामातल्या कुठल्याशा मळ्यातून चहा भरून निघाले. किती गाड्या बदलल्या आणि किती हमालांनी आपटलं, ते विचारूच नका. शेवटी सोनईच्या एका किराणा दुकानात आले. चहा संपला तसं दुकानदारानं मला मागच्या दाराशी टाकलं. वाटलं, चला, सुटले एकदाची. कसली सुटते! गावाबाहेर वस्तीवर राहणारा बन्सी नावाचा शेतकरी आला आणि मला खांद्यावर टाकून घेऊन गेला.

बन्सीच्या साडूनं त्याला पुण्याहून पांढऱ्या सशांची जोडी आणून दिली होती. मादी विणार होती आणि पिलांसाठी तिला अंधारी, ऊबदार जागा हवी होती. ती जागा म्हणजे मी. बन्सीनं माझी एक बाजू खाली कापली, तळाला वाळलं गवत घातलं आणि मला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं.

मादीचं नाव पांढरी. पहिल्या वेळी तिनं आपल्या छातीचे आणि पोटाचे केस तोंडानं उपटून माझ्यात अशी गादी केली, की मलासुद्धा ऊब आली. अंगठ्याएवढी पिलं झाली. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. पांढरीनं त्यांच्यावर केस पांघरले आणि ती पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. दिवसभर फिरकली नाही. बन्सीच्या आईनं, आक्काबाईनं, नाक मुरडलं. कसली ही आई, लेकरांना पाजतसुद्धा नाही, म्हणाली. अहो, पाजते! उजाडायच्या आत येते, घाईघाईनं पाजते आणि जाते. सारखी जवळ बसली तर मांजराला, मुंगसाला पिलांचा पत्ता लागेल. सशांची रीतच ती.

बाराव्या दिवसाच्या सुमाराला पिलांचे डोळे उघडले. आक्काबाईचा राग पळाला. तिनं हौसेनं मला हळदकुंकू लावलं आणि माझं नाव ठेवलं बाळंतिणीची खोली. एवढा मान मला चहाच्या मळ्यातही मिळाला नव्हता. पुढं पिलं माझ्या कडेवरून उड्या मारू लागली, लसूणघास खाऊ लागली. त्यांचं दूध आपोआप कमी झालं. चांगली टणक झाल्यावरच बन्सीनं ती बाजारात नेली. पांढरीच्या छातीवर पुन्हा केस भरले आणि मीही सावलीत वाळत पडले. सुखाची वर्षं होती ती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीनं तळ दाखवला. रानात काही नाही, तेव्हा बन्सीचं सगळं लक्ष सशांकडं लागलं. बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं, की मादी व्याली त्याच दिवशी नराजवळ सोडली तरी गाभण राहते. राहते, खोटं नाही. पण राहते म्हणून सोडावी का? ते कुणी विचारलं नाही.

तिथून आमची उसंत संपली. अंगावर पिणारी पिलं आणि पोटात पुन्हा दुसरी. घास मिळायचा मूठभर, त्यात या दोन वाटण्या. नवी पिलं यायची म्हणजे मी रिकामी हवी. म्हणून महिन्याचीही न झालेली, घासाला जेमतेम तोंड लावणारी पिलं बन्सी उचलून पाटीत भरायचा. ती विकत नेलेल्या घरी पोट फुगून मरू लागली. लोक बाजारात भांडायला आले. आक्काबाईला वाटलं, दृष्ट लागली. तिनं माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. दृष्ट कसली घेऊन बसलात! दर वेळी माझ्या तळाशी केसांची गादी पातळ होत होती. ते मला कळत होतं, पण मला तोंड नव्हतं. माझाही जीव मेटाकुटीला आला होता. आतलं ओलं गवत खरवडायचं, नवं कोंबायचं, की मी पुन्हा तयार.

त्याच सुमाराला बन्सीची बायको मनकर्णा हिला मुलगी झाली. आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना असतो, तुम्हांला ठाऊकच आहे. तिनं निजायचं, शेकायचं, कान बांधून ऊब धरायची. पण दुष्काळी कामावर खडी फोडायला घरटी माणसं जात होती. यंदा कसला आलाय सव्वा महिना, असं आक्काबाईच म्हणाली. बन्सीनं मान खाली घातली. मनकर्णा बांधलेल्या कानांनी उठली, पोरीला बाभळीखाली झोळीत टाकून खडी फोडू लागली. थोड्याच दिवसांत तिचं दूध आटलं. पोर कोरड्या छातीशी रडायची आणि मनकर्णा गप्प. संध्याकाळी पांढरीला घास टाकायला आली, की माझ्या फळीला पाठ टेकून खाली बसायची. दोघी एकमेकींकडं बघत राहायच्या. मला फार वाईट वाटायचं.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत पांढरी पुन्हा माझ्यात आली. छातीशी तोंड नेऊन केस ओढू लागली. केस होते कुठं? नुसती लाल कातडी. तिनं तीच ओढून ओढून पाहिली. शेवटी पिलं उघड्या गवतावर झाली.

उजाडताना मनकर्णा आली. पिलं दगडासारखी गार होती. तिनं ती पदरात घेतली, घरातली शेगडी आणली आणि शेकत बसली. बाकीची गेली होती, दोन हलली. पोरीच्या दुपट्याची शिवण उसवून तिनं कापूस काढला, माझ्यात पसरला आणि दोघांना त्यात ठेवलं. तेवढ्यात बन्सी आला आणि नेहमीप्रमाणं पांढरीला नराकडं न्यायला त्यानं पिंजऱ्यात हात घातला. मनकर्णानं तो हात धरला.

"माजा सवा म्हैना मोडला, तवा मी गप बसले," ती म्हणाली. "हिचा मोडू देनार न्हाई."

आवाज चढवला नाही तिनं. दारात आक्काबाई उभी होती, तिनं सगळं ऐकलं. बन्सीनं हात बाहेर काढला. मग नराला पाटीत घातलं आणि चुलतभाऊ सहादेवच्या वस्तीवर नेऊन ठेवलं.

ती दोन पिलं पोटभर घास खाईपर्यंत आईजवळ राहिली. दूध तोडायची वेळ आली तेव्हा मनकर्णानं पिलांना हलवलं नाही, पांढरीलाच दुसऱ्या पिंजऱ्यात नेलं. पिलं ओळखीच्या जागी राहिली, म्हणून घाबरली नाहीत, आजारी पडली नाहीत. मला धुऊन तिनं आपल्या खोलीत नेलं आणि माझ्यात पोरीची लंगोटी-टोपडी ठेवली. पेटी माझ्याकडं असेस्तोवर पांढरीसाठी कुणी नर आणायचा नाही, असं तिनं बजावलं. रोज ती पांढरीच्या छातीवर हात फिरवून बघायची. तिथं बोटं बुडतील एवढे केस आले, तेव्हाच नर परत आला आणि मी पिंजऱ्यात गेले. त्या वेळची गादी पहिल्या वेळेसारखी होती. त्यानंतर मनकर्णानं तिला पुन्हा विऊ दिलं नाही. पांढरी पुढच्या उन्हाळ्यात सावलीत निजल्या निजल्या गेली. म्हातारी होऊन गेली, हे काय थोडं झालं?

आता ती माझ्यावर बसलेली बाई. चौऱ्याहत्तर साली मनकर्णाला मुलगा झाला. ज्वारीची काढणी तोंडावर आलेली, माणसं कमी. बन्सीनं अंगणातून चाचरत हाक मारली, की थोडा वेळ तरी येतेस का. कान बांधलेली मनकर्णा उठून बसली. तोवर आक्काबाईनं मला फरफटत आणून खोलीच्या उंबऱ्यात आडवं टाकलं आणि वर बसली.

"तिच्या वाटनीची ज्वारी मी काढते," ती म्हणाली. "सवा म्हैना ती हितनं हलायची न्हाई."

माझ्या फळ्या करकरल्या. वाटलं, आता मोडते. नाही मोडले. आत मनकर्णा रडायला लागली. खडी फोडताना रडली नव्हती, दूध आटलं तेव्हा रडली नव्हती, ती त्या दिवशी पोटभर रडली. आक्काबाई उठली नाही, मागं वळली नाही, नुसती बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी ससे असतील, शेळी असेल, आई तर असेलच. ती पुन्हा उभी राहते आहे म्हणून तिच्यात बळ आहे, असं समजू नका. एकदा हात लावून बघा, विचारा, दमलीस का. मी लाकडाची, मला नाही विचारलंत तरी चालेल. विचारलंत तर बरं वाटेल. आता जरा पडू द्या मला.