शकुनाचे हेल्मेट

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, सिंगापूरच्या पश्चिम भागातल्या एका बर्फाच्या रिंकवर ईशा नावाची मुलगी मागच्या मागे पडली. तिचे डोके बर्फावर आपटले. डोके आणि बर्फ यांच्या मध्ये मी होतो.

मी एक जुने हेल्मेट आहे. ही घटना २०१६ च्या नोव्हेंबरातली. त्या दिवसापासून मी कामातून गेलो आहे. हे घरात कोणाला ठाऊक नाही, म्हणून मला अजून कामावर पाठवतात. मित्रांनो, मी फार दमलो आहे.

माझी घडण साधी आहे. बाहेर निळे कडक कवच, आत थर्माकोलसारखा जाड थर, त्यावर मऊ अस्तर. लोक कवचाचे कौतुक करतात. खरे काम आतला थर करतो. मार बसला की तो स्वतः दबतो आणि धक्का पोटात घेतो. मात्र एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. मोठा मार मी एकदाच झेलू शकतो.

ईशाच्या आईने, विनीताने, मला २०१४ मध्ये घेतले. ती सिंगापूरच्या पूर्व भागात, बेडोकला राहते. तिचा नवरा रूपेश जहाजावर इंजिनिअर आहे, त्यामुळे घरात बहुतेक वेळ ती आणि ईशा दोघीच. डिसेंबरच्या सुटीत ते कोरियाला बर्फात खेळायला गेले तेव्हा मी ईशाच्या डोक्यावर होतो. ते माझे चांगले दिवस. परतल्यावर मला कपाटावर ठेवले. ज्या गावात स्वेटर फक्त सिनेमाच्या थिएटरात लागतो, तिथे माझ्यासारख्याला दुसरी जागा कुठली?

दोन वर्षांनी पुन्हा बेत ठरला आणि सरावासाठी आम्ही रिंकवर गेलो. लिम नावाचा कोच आधी पडायला शिकवत होता. तोल जातोय असे वाटले की गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचे, हात मागे टेकायचे नाहीत, नाहीतर मनगट मोडते. ईशा हसत अर्ध्या मराठीत, अर्ध्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पडायला काय शिकायचं? दॅट वन ऑटोमॅटिक लाह!"

मग ती पडली.

लिमने तिला ओढून उठवले नाही. मान हलू न देता आधी विचारले, कुठे दुखते, हातापायांना मुंग्या येतात का. तसे काही नव्हते, तेव्हा हळूच बाकावर नेले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"घाबरलीय नुसती," विनीता म्हणाली. "ज्यूस पिऊन परत उतरेल."

"आज नाही," लिम म्हणाला. "आज डॉक्टर."

विनीता बूट आणायला लॉकरकडे गेली. लिमने मला हातात घेतले, आतून अंगठा फिरवला आणि ईशाला सांगितले, "हे संपलं. फेकून द्यायचं. मम्मीला सांग." ईशाने मान डोलावली. लगेच विचारले, "आपण कुठल्या मजल्यावर आहोत?" थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. आई आली तेव्हा तिसऱ्यांदा.

तेव्हा लिमला पलीकडून कोणी हाक मारली आणि तो गेला. त्याचा निरोप ज्या डोक्यात ठेवला होता, त्या डोक्यात त्या सकाळचे काहीच राहिले नाही.

डॉक्टरांनी सांगितले, मेंदूला धक्का बसला आहे. विश्रांती, मोबाइल बंद, ते हो म्हणेपर्यंत खेळ नाही. उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढली किंवा मूल हाक मारूनही नीट जागे होईना, तर थेट हॉस्पिटल. विनीता रात्रभर तिच्या उशाशी बसली. काही आठवड्यांत ईशा पूर्वीसारखी झाली.

आणि माझा भाव वाढला. "हेल्मेट होतं म्हणून पोरगी वाचली," असे विनीता प्रत्येकाला सांगू लागली. ते खरेही होते. पुढच्या खंडेनवमीला इतर घरांत लॅपटॉपला हळदकुंकू लागले, इथे मला. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो गेला. मी शकुनाचा ठरलो. त्या डिसेंबरात ग्रुपमधल्या शामकांतांचा मुलगा मला घालून जपानला गेला. कवच चकचकीत, पट्टा घट्ट, भुवयांच्या वर दोन बोटे, सगळे नेमके. आतून मी म्हणजे नुसता पोकळ धीर. तो पडला नाही, एवढेच.

आज २०१८ च्या डिसेंबरातला रविवार. त्याच ग्रुपमधली प्रणिता आणि तिची आठ वर्षांची मुलगी गार्गी बर्फात खेळायला रात्रीच्या विमानाने निघणार आहेत. मला न्यायला त्या खाली लिफ्टपाशी आल्या आहेत. विनीताने मला पुसायला ईशाकडे दिले. ईशाने अस्तर काढले आणि तिचा अंगठा थबकला.

"मम्मा, इथे आत खड्डा आहे."

"कुठे? बाहेर तर साधा ओरखडा नाही."

"बाहेर नाही, आत. आणि चीर पण आहे. हे गार्गीला द्यायचं?"

"अगं, तुझं डोकं वाचवलंय त्याने. असं बोलू नये. आणि आता ऐन वेळी त्या बिचारीला नाही कसं म्हणू?"

"तिथे भाड्याने मिळतं ना! मी बाबांना फोटो पाठवते."

तिने पाठवला. रूपेशचे जहाज भर समुद्रात आहे. फोटोखाली एकच टिक उमटली, म्हणजे तो अजून पोचलेला नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला नेहमी सांगतात. मी उलटे मागतो आहे. ज्याने एकदा मार खाल्ला त्याला जपू नका. त्याचे आभार माना, पट्टा कापा, म्हणजे दुसरे कोणी उचलणार नाही, आणि फेकून द्या. जपायचे ते डोके.

बेल वाजली. विनीताने दार उघडले. "आलीस का गं? ये ये, ईशा पुसतेच आहे." गार्गी सगळ्यांच्या आधी आत आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

ईशाचा अंगठा अजून त्या खड्ड्यात आहे. तिने मला सोडलेले नाही.