डाव्या काचेआड

मी कृष्णकांतरावांचा चष्मा बोलतोय, सुकापूरहून, त्यांच्या नाकावरूनच. पनवेलच्या बाजारात कमलाकर चष्मेवाल्याने माझ्या काचा बसवल्या, त्याला नऊ वर्षं झाली.

काय दिवस होते ते! कृष्णकांतराव ड्राफ्ट्समन. निवृत्तीनंतरही घरी नकाशे काढायचे. त्यांचे दोन्ही डोळे माझ्यातून एकदम कागदावर उतरायचे आणि केसासारखी बारीक रेघ सरळ जायची. क्वचित चुकलीच, तर स्वतःला बोल लावत नसत. "आधी अवजार तपासायचं," म्हणत पट्टी उजेडात धरायचे.

त्याच सवयीने घात केला.

गेल्या वर्षी त्यांना थंडी वाजून ताप आला. मधुमेह जुनाच. तिसऱ्या दिवशी डावा डोळा लाल झाला, ठणकू लागला, समोर धुकं आलं. त्यांनी मला काढलं, पुसलं, पुन्हा पुसलं.

"सुमती, चष्म्याचा नंबर बदललाय."

"अहो, आरशात बघा जरा, डोळ्याचा टोमॅटो झालाय!"

"तापाची गरमी आहे. उतरला की जाऊ कमलाकरकडे."

दोन दिवस सगळा दोष माझ्यावर होता. ताप काही उतरेना, तेव्हा सुमतीबाईंनी त्यांना तसंच दुकानात ओढत नेलं.

कमलाकरने मला हातही लावला नाही. उजवा डोळा झाकायला सांगून त्याने बोटं दाखवली. कृष्णकांतरावांना ती मोजता आली नाहीत.

"काका, काच ठीक आहे. बिघाड डोळ्यात आहे, आणि अंगात ताप. रिक्षा बोलावतो, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात जा."

तिथे कळलं, यकृतात गळू झालं होतं आणि त्यातले जंतू रक्तातून डोळ्यात पोचले होते. सलाइनमधून औषधं दिली, डोळ्यात इंजेक्शनं दिली.

"डोळा वाचेल ना?" सुमतीबाईंनी विचारलं.

"दोन दिवस आधी यायला हवं होतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

जीव वाचला. डाव्या डोळ्याची नजर गेली.

माझ्या डाव्या काचेआड आता कुणी येत नाही. मला त्या डोळ्याची फार आठवण येते. म्हणून सांगतो, अंगात ताप असताना नजर धूसर झाली, तर आम्हाला पुसत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. परवा कृष्णकांतराव चहा ओतत होते. धार बाहेर पडणार, तोच सुमतीबाईंनी गुपचूप कप तिच्याखाली सरकवला.

"बघ, थेंबही सांडला नाही," ते म्हणाले.

"सांडेल कसा? तुमचा हात आहे तो," त्या म्हणाल्या.