बिनमडगार्डची सेडान

मित्रांनो, कतारच्या दोह्यात बिन महमूद वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर एका कुंपणालगत तुम्ही मला पाहिले असेल. बुटके छत, उघडी चाके आणि धुळीने माखलेली काच पाहून "ही कसली गाडी?" असे म्हणत तुम्ही पुढे गेला असाल. त्यात तुमचा दोष नाही. माझ्यासारखी दुसरी गाडी या भागात नव्हती, अजूनही नाही. चार दारांची जुनी सेडान आहे मी, आणि माझी घडण दोनदा झाली आहे.

पहिल्यांदा मी अमेरिकेतल्या कारखान्यात घडले. तेव्हा माझे छत उंच होते, चाकांवर गोलाईदार मडगार्ड होती आणि अंगाला चकचकीत काळा रंग होता. तेल शोधायला आलेल्या एका साहेबाची गाडी म्हणून मी जहाजातून आखातात आले. दुखानच्या माळावर मी त्याला खूप फिरवले. पुढे महायुद्ध आले, विहिरी बंद झाल्या आणि साहेब निघून गेला. मग उम्म सलाल मोहम्मद गावच्या अबू जासिम नावाच्या बागाईतदाराने मला घेतले. त्याने मला मायेने चालवले. पण खाऱ्या हवेने माझी मडगार्ड खाऊन टाकली, आणि एका उन्हाळ्यात पाणी संपून माझे इंजिन जाम झाले.

अबू जासिमने मला खजुरीखाली लोटून ठेवले. त्याच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. साहेबाला घेऊन मिरवलेल्या मला सुरुवातीला त्याची फार लाज वाटे. नंतर मात्र मी त्यांची वाट पाहू लागले. निदान कुणीतरी आपण होऊन माझ्यात येऊन बसत होते.

१९५८ च्या हिवाळ्यात बागेतला पाण्याचा पंप बिघडला आणि तो दुरुस्त करायला दोह्याहून कासम आला. कासम मूळचा रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीकाठचा. दोह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तो फिटर होता. सोबत त्याचा धाकटा भाऊ शफीक होता, पण तो वर्कशॉपच्या पिकअपमधून खाली उतरलाच नाही. शफीक लॉरी चालवायचा. दुखानच्या वाटेवर मऊ वाळूत त्याची लॉरी कलंडली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ठेकेदाराने त्याला कामावरून कमी केले. आता तो मुंबईच्या बोटीची वाट पाहत होता. घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, म्हणून कासमने त्याला ओढूनच बाहेर आणले होते.

पंप सुरू झाल्यावर कासमची नजर माझ्यावर गेली. त्याने वाकून माझी चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ठोकून पाहिली.

"शफीक, हिची चेसी बघ. कुठे म्हणून सडली नाय!"

"मग मी काय करू?" शफीक पिकअपमधूनच म्हणाला.

अबू जासिम हे ऐकत होता. अरबी आणि हिंदी मिसळून तो हसत म्हणाला, "यल्ला, चल, घेऊन जा. फक्त माझ्या कोंबड्यांना आधी खाली उतरव."

अशी मी कासमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात आले. त्याची बायको जैतून दारातच उभी राहिली. "आपल्याला पाय पसरायला जागा नाय, आणि हे धूड कुठून आणलंत?"

कासमने खिशातून एका मासिकाचे पान काढले. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या तेलविहिरी खोदणाऱ्या एका अमेरिकन ड्रिलरने ते त्याला दिले होते. "हे बघ. तिकडे जुन्या सेडानचं असं करतात. छत कापून खाली आणतात, मडगार्ड काढून टाकतात, मोठं इंजिन बसवतात. हॉट रॉड म्हणतात याला."

"मडगार्ड तर हिला नायच," जैतून म्हणाली.

"म्हणजे तेवढं काम वाचलं!"

जैतूनला हसू आले. ओसरीवरच्या बाजेवर शफीक आमच्याकडे पाठ करून पडला होता. तो हसला नाही.

वर्कशॉपमधून परतल्यावर आणि शुक्रवारी नमाजानंतर कासम माझ्यावर काम करी. हॅकसॉने त्याने माझे छताचे खांब कापले, तेव्हा मला वाटले, झाले, आता मी भंगारात जाणार. पण त्याने मधला तुकडा काढून छत वितभर खाली आणले आणि पुन्हा वेल्डिंगने जोडले. पुढचा अ‍ॅक्सल खाली घेतला. जैतूनचे वडील गलबतावरचे तांडेल होते, शिडे शिवायचे काम तिने लहानपणापासून पाहिले होते. गलबतांच्या धक्क्यावरून तिने जुने शिडाचे कापड मिळवले आणि दाभणाने माझ्या सीटना नवी कव्हरे शिवली. शेजारीपाजारी हसत. "कासम, गाडी बनवतोयस की तिची हजामत करतोयस?" कासम मनावर घेत नसे.

मग त्याने आठ सिलिंडरचे एक जुने इंजिन आणले. ते कुठून आणले, हे मात्र त्याने जैतूनलाही सांगितले नाही. एका शुक्रवारी त्याने ते पहिल्यांदा सुरू केले. अंगणातली कबुतरे उडाली. आणि ओसरीवर पाठ करून पडलेला शफीक उठून बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भाई, हे माझ्या लॉरीचं इंजिन आहे."

कासमने मान खाली घातली. "होय."

"ज्या लॉरीनं माझा पाय घेतला, तिचं इंजिन तू माझ्या दारात आणलंस?" शफीकने कुबडी उचलून माझ्यावर फेकली. माझ्या एका दिव्याची काच खळकन फुटली.

"दुसरं मिळत नव्हतं रे," कासम हळूच म्हणाला.

शफीक पुन्हा बाजेवर पडला. त्याने तोंड फिरवले. त्यानंतर कित्येक दिवस अंगणात हातोडीचा आवाज झाला नाही, आणि घरात दोघा भावांचा एकमेकांशी शब्द नाही. एकदा जेवताना कासम म्हणाला, "जैतून, माझं चुकलं. आधी विचारायला हवं होतं."

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "तो बघा, तिथे बसलाय."

कासम ताटावरून उठला आणि भावाच्या बाजेजवळ जाऊन बसला. "शफीक, माफ कर. उद्या काढून टाकतो ते इंजिन. खलास."

शफीकने मान वळवली. मग म्हणाला, "काढ. पण तू सुरू केलंस त्या दिवशी एक सिलिंडर मिस मारत होतं. माझ्या हातात असताना ते कधी असं चालत नव्हतं. लोक म्हणतील, शफीकनं गाडी नीट ठेवली नव्हती."

दुसऱ्या दिवशी तो कुबडी टेकत अंगणात आला आणि माझ्यासमोर रिकाम्या डब्यावर बसला. त्याने प्लग काढले, पुसले, वायर बदलल्या, पुनःपुन्हा कान लावून ऐकले. जैतूनने आणलेला चहा तिथेच निवला. संध्याकाळी इंजिन एका सुरात चालू लागले. मित्रांनो, त्याचा तेलकट तळवा किती वेळ माझ्या बॉनेटवर होता! कासम पाना घेऊन इंजिन काढायला पुढे आला, तेव्हा शफीक एवढेच म्हणाला, "राहू दे."

आता प्रश्न क्लचचा होता. डावा पाय नसताना क्लच दाबणार कसा? कासमने दाराच्या बाजूला हाताने ओढायचा एक लोखंडी दांडा बसवला. शफीकने डाव्या हाताने तो ओढला, उजव्याने गिअर टाकला, आणि स्टिअरिंग धरायला हातच उरला नाही. मी सरळ जाऊन अंगणाच्या भिंतीवर आदळले. जैतून धावत बाहेर आली. पाहते तो शफीक हसत होता. कितीतरी महिन्यांनी ती त्याला हसताना पाहत होती, म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

"भाई, दांडा तिकडून काढ," शफीक म्हणाला. "गिअरच्या दांड्यालाच बिलगून बसव. एकाच हाताच्या तळव्यानं हा ढकलून धरीन, बोटांनी तो टाकीन. दुसरा हात स्टिअरिंगवर राहील."

तसे केले आणि ते जमले. मी रस्त्यावर आले.

मुंबईची बोट आता जवळ आली होती. जाण्याआधी अबू जासिमला मला दाखवायचे, म्हणून शफीक आम्हा सगळ्यांना घेऊन उम्म सलालला गेला. अबू जासिमने माझ्याभोवती फेरी मारली. आपल्या नुकत्याच घेतलेल्या पिकअपवर हात ठेवून तो म्हणाला, "ही पळते की नुसती ओरडते? चल, माळावर बघू."

बागेपलीकडे कडक मातीचे सपाट माळरान होते. दोन्ही गाड्या सुटल्या. कासम शफीकच्या शेजारी दार घट्ट धरून बसला होता. माझे नवे इंजिन गरजत होते, उघड्या चाकांतून खडे उडत होते, आणि आम्ही पिकअपला मागे टाकले. जिंकल्यातच जमा होते. तेवढ्यात शफीकने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. दांडा ढकलून त्याने गिअर खाली आणला, मला आडवे घेऊन थांबवले आणि खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवू लागला. पिकअप धूळ उडवत आमच्या अलीकडेच थांबली.

"काय झालं? घाबरलास?" कासमने विचारले.

"नाय, भाई. पुढे मातीचा रंग बघ. वरून कडक आहे, आत मऊ. त्या दिवशी मला हे दिसलं नव्हतं."

अबू जासिम उतरला आणि पुढे चालत गेला. दोन-चार पावलांतच त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो परत आला, चपलेतली वाळू झटकली आणि शफीकच्या खिडकीशी उभा राहिला.

"माझी भाजी रोज दोह्याच्या बाजारात न्यायची असते," तो म्हणाला. "पिकअपला असाच दांडा बसवून घे. येशील?"

शफीकने कासमकडे पाहिले. कासम दुसरीकडे पाहत होता, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

"येईन, इन्शाल्ला," शफीक म्हणाला.

बोट गेली, पण शफीक गेला नाही. पिकअप त्याची कामाची गाडी झाली आणि मी सुट्टीची. पुढे गावी जाऊन त्याने मैमुनाशी लग्न केले आणि तिला इकडे आणले, तेव्हा धक्क्यावरून तिला घरी मीच आणले. "छत एवढं खाली कशाला?" तिने विचारले होते. शफीकने वाटभर तिला सारे सांगितले. त्यांची मुलगी मुनीरा माझ्याच शिडाच्या सीटवर झोपायला शिकली. आणि हात-पाय जायबंदी झालेले कितीतरी कामगार शफीककडे येत, "आम्हालाही शिकव" म्हणत. तो त्यांना माझ्यात बसवी, दांडा हातात देई आणि मला भिंतीपासून जरा दूर उभी करी.

आता साठचे दशक सरत आले आहे. शफीककडे थंड हवेच्या मशीनची मोठी गाडी आली आहे. कासम आणि जैतून जयगडला परतले. शफीक वाईट नाही, मित्रांनो. त्याला वेळ मिळत नाही, एवढेच. पण टायर बसले आहेत, रबराच्या नळ्या तडकल्या आहेत आणि मी कुंपणालगत उभीच आहे. चालवल्याने गाडी झिजते हे खरे. पण नुसती उभी ठेवली की ती आतून जाते, आणि माणसाचेही तसेच होते. हे मी ओसरीवरच्या त्या बाजेवर घडताना डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून तुमच्या घरी कुणी असे उभे राहिले असेल, गाडी असो वा माणूस, तर पाणी घाला, धूळ पुसा आणि एकदा सुरू करून पाहा. पहिल्या झटक्याला काही होणार नाही. थोडा धूर येईल, थोडा खोकला येईल. तेवढ्यावर किल्ली काढून घेऊ नका. जरा थांबा.