आवाज न करणारी पिशवी

उकाई तिसऱ्यांदा पिशवी परत घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा हामुरो तात्सुझोने हातातली चामडं टोचायची आरी खालीसुद्धा ठेवली नाही. मान वर करून बघावं एवढी या माणसाची लायकी नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"आता काय?"

"माफ करा, हामुरोसान. अजून वाजते."

"काय वाजते?"

"पिशवी."

असाकुसाच्या मागच्या गल्लीत सेहेचाळीस वर्षं चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यायचं होतं. तात्सुझोने शिवलेल्या प्रत्येक पिशवीच्या आत त्याच्या नावाचा शिक्का असायचा, आणि त्या शिक्क्याची एकही वस्तू आजवर दुरुस्तीला आली नव्हती. आली ती ही एकच. तीही तीन वेळा.

उकाई पोस्टात पत्रं निवडायचा आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेचे आवाज टिपत हिंडायचा. रोज गाडीने कामावर जाताना कानाला हेडफोन. त्यात गाणं नाही, बातम्या नाहीत, तर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची खडखड.

"गाडीत बसून गाडी ऐकतो!" तात्सुझो बायकोला म्हणाला होता. "समोर गरम भात वाढलेला असताना भाताचा फोटो चाटावा, तशातली गत. चाळिशी आली तरी डोकं आठ वर्षांच्या पोराचं."

पिशवीच्या अटी तर विचारूच नका. रेकॉर्डर छातीवर राहायला हवा, म्हणजे गर्दीत कुणाला धक्का लागणार नाही आणि मायक्रोफोन खांद्याच्या पट्ट्यांवर लावता येतील. चेन नको, ती खुळखुळते. वेल्क्रो नको, तो चरचरतो. बटण नको, ते टिचकन वाजतं.

"मग बंद कशी करायची? मनातल्या मनात?" तात्सुझोने तेव्हा विचारलं होतं.

"नाडी चालेल," उकाईने अगदी गंभीरपणे उत्तर दिलं होतं. चेष्टा कळायची नाही या गृहस्थाला.

आज उकाईने पिशवी छातीवर अडकवली आणि दुकानात इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. उंच, लांब मानेचा माणूस कान तिरका करून पावलं टाकत होता. वळताना डाव्या खांद्याशी बारीकसा आवाज झाला. कुईं.

"ऐकलंत?"

"नाही," तात्सुझो म्हणाला.

"अहो, येतोय की," आतून चहा घेऊन आलेली त्याची बायको फुसाए म्हणाली. तात्सुझोने तिच्याकडे असं पाहिलं की ती कप ठेवून मुकाट्याने आत गेली.

उकाई वाकला. "एकतीस मार्चला डोंगरातल्या कुसानोमोरी गावची गाडी शेवटची धावणार आहे. एकच डबा, बेचाळीस मिनिटांचा रस्ता. गावातली सगळी माणसं स्टेशनांवर येणार आहेत. मला ते सगळं एका दमात टिपायचंय. चुकलं तर पुन्हा नाही घेता येणार, हामुरोसान. गाडीच नसेल पुढे."

"संध्याकाळी या," तात्सुझो म्हणाला.

आवाज कुठून येतो हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डावा पट्टा धातूच्या कडीभोवती दुमडला होता, तिथे आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा घालायला हवा होता. उजव्या बाजूला त्याने घातला होता. डाव्या बाजूला घालायचा राहिला. आणि लक्षात आल्यावर त्याने स्वतःशी म्हटलं होतं, या खुळ्याला काय कळतंय! आता तो घालायचा म्हणजे दुहेरी शिवण उसवायची, पट्टा सोडवायचा, पुन्हा भोकाला भोक जुळवून शिवायचा. अर्धा दिवस. तोही कुणासाठी, तर आगगाडीची शिट्टी ऐकून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसासाठी.

त्याने मेणाचा खडा घेतला, कडीपाशी खसाखसा घासला, फडक्याने पुसलं. चहा निवायच्या आत काम झालं.

"शिवण उसवलीत?" फुसाएने विचारलं.

"माझं काम मला शिकवू नकोस."

संध्याकाळी उकाईने पुन्हा फेऱ्या मारल्या. वळला, वाकला, उड्यासुद्धा मारल्या. पिशवी गप्प होती. त्याचा चेहरा असा काही उजळला की तात्सुझोला हसू आवरेना. उकाई कंबरेतून पार खाली वाकून आभार मानून गेला.

"गेलं एकदाचं येडं," तात्सुझो म्हणाला.

एप्रिलच्या मध्यावर पार्सल आलं. त्यात कुसानोमोरीच्या अक्रोडाच्या वड्या, एक सीडी आणि चिठ्ठी होती. 'तुमच्या पिशवीमुळे माझे दोन्ही हात मोकळे राहिले आणि गावकऱ्यांना हात हलवून निरोप देता आला. ही सीडी गावातल्या एकशे चाळीस घरांत दिली आहे. कृपया हेडफोन लावून ऐकावी.' सीडीच्या कव्हरवर बारीक अक्षरांत चार-पाच ओळी होत्या. शेवटची ओळ वाचून तात्सुझो ताठ बसला.

"अगं, बघ! माझं नाव छापलंय. पिशवी, हामुरो तात्सुझो. येडं आहे, पण रीतभात आहे हो त्याला."

त्याने फुसाएचा हेडफोन कानाला लावला. आधी इंजिन घरघरलं. मग दार सरकलं, गार्डची शिट्टी झाली, रुळांचे सांधे एकेक करून मागे पडू लागले. वळण आलं. कुईं.

तात्सुझोने हेडफोन जरा दाबून धरला. पुढच्या वळणावर पुन्हा कुईं. वर डोंगरात अजून बर्फ असणार. थंडीत मेण कडक होऊन गळून पडतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बोगद्यात सगळं शांत झालं आणि त्या शांततेत पट्टा एकटाच कुरकुरत राहिला. एका स्टेशनावर कुणी म्हातारी अगदी जवळ येऊन गाडीला म्हणाली, "फार राबलीस गं बाई. आता..." आणि नेमका उकाई तिच्याकडे वळला असावा. कुईं. ती पुढे काय म्हणाली ते कळलं नाही. तात्सुझोने तेवढाच भाग चार वेळा ऐकला. चारही वेळा कळलं नाही.

तो बेचाळीस मिनिटं जागचा हलला नाही. मग चष्मा लावून त्याने कव्हर पुन्हा वाचलं, या वेळी वरपासून.

'या ध्वनिमुद्रणातील आवाज:
डिझेल इंजिन, डबा क्रमांक सात.
शिट्टी, गार्ड ओगिवारा.
निरोप, कुसानोमोरीचे ग्रामस्थ.
पिशवी, हामुरो तात्सुझो.'

फुसाएने खांद्यावरून वाचलं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्याच नावाची किळस आली.

त्याने फोन लावला. "उकाईसान, पिशवी घेऊन या. डावी शिवण पूर्ण उसवून देतो. आत नमदा राहिलाय. मला माहीत होतं."



"आपण तसदी घेऊ नका, हामुरोसान," उकाई नेहमीच्याच अदबीने म्हणाला. "आता मी तिच्यातून जेवणाचा डबा नेतो. त्याला वाजलेलं चालतं."